दोन बोटं कललेली बाही

५ जानेवारी

नोकरी सुटली. म्हणजे मीच सोडली, पण सुटली म्हटलं की दुखरा दात निघाल्यासारखं वाटतं. आजपासून माझं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली.

ही खोली आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणकामाचं दुकान होती. मशीन केव्हाच गेलं, आबांचं बेतायचं टेबल तेवढं राहिलंय. खोलीच्या अर्ध्या भागात तेच आहे. एका टोकाला आबा पेपर वाचत बसतात, दुसऱ्या टोकाला आता माझा आणि वहिनीचा संगणक. वहिनी म्हणजे दादाची बायको. शाळेत गणित शिकवते, या कामासाठी तिने वर्षभराची बिनपगारी रजा काढलीय. दादाला हे सगळं खूळ वाटतं. त्याने सांगून ठेवलंय, वर्षभर खोली तुमची, काही जमलं नाही तर औषधाच्या दुकानवाल्याला भाड्याने द्यायची. टेबल या खोलीतच सुतार बसवून बांधलेलं आहे. ते कुठल्याही दारातून बाहेर जात नाही, म्हणजे मोडूनच काढावं लागेल. आबांना हे आम्ही कोणी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आमचा प्रोग्राम छोट्या शिंप्यांसाठी आहे. मापं टाकली की तो शर्टाचे, कोटाचे तुकडे आखून देतो आणि ते कापडावर कसे मांडले तर कापड कमी लागेल ते दाखवतो. नाव ठेवलंय 'बेतणी'. नाव वहिनीचं, बाकी मेहनत माझी. (हे वाचून वहिनी भांडेल, म्हणून डायरी कुलपात.)

८ जानेवारी

तुकडे आखायचं काम आम्ही लिहिलं. मांडायचं काम मात्र आमचं नाही. ते करणारा तयार कोड नेटवर आहे, आम्ही त्याला 'मांडणी' म्हणतो. लिहिणारा दूर कुठल्यातरी देशातला. तो नाव लावत नाही, नावाच्या जागी कासवाचं चित्र लावतो, आणि पत्राला उत्तरही त्याच वेगाने देतो. कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, फक्त सोबत एक परवाना आहे. असले कागद वाचायची हौस वहिनीला. ती औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा शेवटपर्यंत वाचते.

"वन्सं, ऐका. हा सौम्य जातीचा कॉपीलेफ्ट परवाना आहे."

"विकता येतं का?"

"येतं."

"झालं तर मग."

"झालं काय? ऐका तरी. कडक जातीचा असता तर त्यांचा कोड आपल्यात मिसळला म्हणून आपलंही सगळं उघडं करावं लागलं असतं. हा तसा नाही. यात काय आहे की..."

पुढचं ती वाचत होती तेव्हा मी टेबलाखाली प्रिंटरची वायर शोधत होते. वहिनीचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो, टेबलाखाली जरा कमी पोचतो. पण मुद्दा कळला. फुकट आहे आणि विकता येतं.

१५ जानेवारी

आज आबांमुळे मोठं काम झालं. हे त्यांना मात्र सांगायची सोय नाही, आठवडाभर ऐकून घ्यावं लागेल.

'मांडणी' तुकडे एक तर सरळ ठेवते नाहीतर उलटे. आबा माझ्या मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे काय, परेडला उभे केल्यासारखे? बाही जरा कलव की. उभ्या धाग्यापासून दोन बोटं कललं तर कापडाला कळत नाही. पाठ नाही हं कलवायची. आणि चौकड्याच्या कापडात तर काहीच नाही."

बाही कलली की तिच्या बगलेच्या खोलगट जागेत कॉलर बसते आणि खाली वीतभर कापड वाचतं. ही आबांची खास युक्ती. "या गल्लीत दुसऱ्या कोणाला सुचली नाही," हे मी लहानपणापासून ऐकत आले. कोट बघायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते हे ऐकवायचे, त्याला बिचाऱ्याला बाही लांब झाल्याची तक्रार करायची असायची.

मी ती युक्ती लगेच कोडमध्ये घातली. 'मांडणी'च्याच मुख्य फायलीत घातली, कारण तुकडा कुठे ठेवायचा हे तिथेच ठरतं. वेगळी फाइल करून मग ती जोडायची म्हणजे डोक्यामागून हात नेऊन घास घेण्यासारखं. आता दोन बोटं म्हणजे किती, हे संगणकाला नेमकं सांगावं लागतं. मी पट्टी काढली, टेबलावर बोटं टेकवली आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत माप घेऊन आकडा टाकला. आबांचं आयुष्य 'साधारण'वर गेलं. आपलं तसं नाही.

३ फेब्रुवारी

ओळखीच्या तीन दुकानांना 'बेतणी' वापरायला दिली. तिघंही खूश. आबांनी मात्र प्रिंट बघून नाक मुरडलं.

"कतरण जास्त पडतेय."

"आबा, तुमचीच युक्ती आहे ही."

"माझी असती तर ही कॉलर इथे आत शिरली असती."

संगणकाने आपली बरोबरी केली हे पचायला त्यांना वेळ लागणार. मी समजून घेतलं आणि विषय बदलला.

१९ फेब्रुवारी

आबांकडे हल्ली माणसं फार येतात. कोपऱ्यावरचा रफूवाला, पुलापलीकडची फ्रॉकवाली (आपल्या तीन दुकानांतली एक), आणि एक जाडगेला माणूस, तो पडदे शिवतो म्हणे. मी आतून आले की सगळे गप्प होतात आणि हवेबद्दल बोलायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना गप्पांना कोणीतरी लागतं, हे ठीक आहे. पण पाहुणे गेल्यावर टेबलावर बघते तर पेपरातून कापलेले शर्टाचे तुकडे! बाही, कॉलर, पाठ, आणि बाही चक्क कललेली. आपला सगळा धंदा ज्यावर उभा ते असं येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मांडून ठेवलेलं. आबांना वयामुळे भान राहत नाही. मी सगळे तुकडे गोळा करून कापडी पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. नशीब, कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

वहिनी मला कुलूपबाई म्हणते. मी कोणाला काही देत नाही असं तिचं म्हणणं. साफ खोटं आहे. परत करेल अशा माणसाला मी नेहमी देते.

२७ फेब्रुवारी

पुन्हा पेपरचे तुकडे. पिशवी भरत आली.

१० मार्च

आज आमचं नशीब फळफळायच्या बेतात आहे. शाळांचे गणवेश शिवणारी मोठी कंपनी आहे, तिच्या व्यवस्थापकांनी बोलावलं होतं. त्यांच्या पंचवीस-तीस शाखा आहेत. एवढं एक गिऱ्हाईक मिळालं तर दादाने त्या औषधवाल्याला खुशाल दुसरी खोली बघायला सांगावं.

खोलीत सगळीकडे बिनडोक्याचे पुतळे गणवेश घालून उभे. त्यांच्यामध्ये व्यवस्थापक आणि कंपनीच्या वकीलबाई. बाईंना जबरदस्त सर्दी झाली होती, हातात रुमालांचा गठ्ठा. व्यवस्थापकांना 'बेतणी' आवडली. वहिनीने मापं टाकून दाखवली तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले. मग वकीलबाईंनी नाक पुसून विचारलं, "यात बाहेरून घेतलेला कोड कुठला? आणि त्यात तुम्ही काही बदल केलेत का?"

मी म्हटलं, "एकच घेतलाय, फुकट आहे आणि विकता येतो." वहिनीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं चुकून लागला.

१२ मार्च

मोठा घोळ झालाय.

परवाना आज पूर्ण ऐकला. या वेळी वहिनीने मला खुर्चीत बसवून वाचला. कठीण काही नाही, तिने शिवणाच्या भाषेत सांगितलं, ते माझ्या शब्दांत. समज, गल्लीत एक सामाईक शिलाई मशीन आहे. कोणीही न्यावं, त्यावर काहीही शिवावं, विकावं. शिवलेलं तुझं, तुझ्या कोटाला कोणी हात लावणार नाही. पण मशीनच्या आतलाच एखादा भाग तू सुधारलास आणि ते मशीन दुसऱ्याला दिलंस, तर तो भाग कसा केला हे त्याला दाखवायचं, आणि त्यालाही पुढे दाखवायची मोकळीक द्यायची. घरातल्या घरात काय वाटेल ते कर, कोणी विचारत नाही. दिलं की अट लागू.

"म्हणजे आपल्या वेगळ्या फायली आपल्या?"

"आपल्याच. मापं, तुकडे आखणं, पडद्यावर दिसतं ते सगळं आपलं, बंद ठेवा नाहीतर उघडं करा. फक्त त्यांच्या फायलीत जे बदललं असेल ते उघडं करायचं. तुम्ही त्यात काही बदललंय का?"

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आबांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

आबांची युक्ती. आमच्याकडे दुसऱ्या कोणाकडे नाही असं जे एकमेव आहे, ते मी नेमकं सामाईक मशीनच्या पोटात नेऊन बसवलं. घरभर कुलपं लावणारी मी, आणि हे शेजाऱ्याच्या खणात!

वहिनी म्हणाली, "मी तेव्हा वाचून दाखवलं होतं."

"मी टेबलाखाली होते."

तिने कपाळाला हात लावला. मग हसत सुटली. मला हसू आलं नाही.

१८ मार्च

तीन दिवस घासून तोड काढली. खरं तर परवान्यातच तोड आहे, सौम्य म्हणतात ते उगीच नाही. आता युक्ती आमच्या स्वतंत्र फायलीत आहे. 'मांडणी'च्या फायलीत फक्त छोटी ओळ घातली. तिचा अर्थ एवढाच, की तुकडा ठेवण्याआधी बाहेर कोणाला विचारायचं असेल तर विचार. ती ओळ उघडी करायला माझी हरकत नाही, तिच्यावरून कोणाला काही कळणार नाही. युक्ती बंदच्या बंद, आणि सगळं परवान्याला धरून. स्वतःवर इतकी खूश बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

आबांनी विचारलं, "त्या कासवाला माझं दाखवलंस का?"

"नाही हो आबा, कोणाला दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही." त्यांची शंका मी एका वाक्यात मिटवली. ते चप्पल घालून बाहेर गेले.

२१ मार्च

वकीलबाईंचा फोन. सर्दी अजून आहेच. नव्या फायलींची विभागणी त्यांना पटली, अगदी नीट आहे म्हणाल्या. मग विचारलं, "याआधी प्रोग्राम कोणाला दिला होता?"

"तीन दुकानांना."

"त्या वेळी हा बदल कुठल्या फायलीत होता?"

"'मांडणी'च्या," मी सांगून टाकलं.

"मग तो त्यांना मिळायला हवा," बाई म्हणाल्या. "त्याच परवान्याखाली. कासवाला पाठवलाच पाहिजे असं नाही, पण ज्यांना प्रोग्राम दिलात त्यांना तो कुठे मिळेल हे सांगायला हवं. आणि ते पुढे कोणाला देतील हे तुम्ही ठरवू शकत नाही. हे मिटवा, मग मी सही करायला सांगते."

वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला आणि मी तोंडाशी आलेलं जे गिळून टाकलं होतं तेच सरळ विचारलं. "ते उघडं झालं तर तुम्ही आमचं घ्याल कशाला?"

"अहो, आम्ही काय ते एक कलवणं विकत घेतोय? आमच्या शाखांमधल्या पोरींना ते चालवता येतं, म्हणून घेतोय. ते कुठे उघडं होतंय? पण कापड किती वाचतं ते साहेब बघणार आहेत, ते मात्र माझ्या हातात नाही."

२३ मार्च

तिघांपैकी कोण विचारायला येणार आहे? कोणीही नाही. फ्रॉकवालीला फाइल म्हणजे काय तेही माहीत नसेल. मी गप्प बसले तर जगात कोणाला कळणार नाही.

वहिनीला हेच म्हटलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कळणार नाही हे खरं. पण आपण त्यांचं फुकट घेतलं ना? घेताना अट बघितली नाही, हा त्यांचा दोष नाही."

आबांना कसं सांगायचं? आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट, आणि तीही मुलीनेच चव्हाट्यावर मांडली. आज ते टेप घेऊन दाराची चौकट मोजत होते. उंची घेतली, रुंदी घेतली, मग टेबलाच्या पायाशी बसून काहीतरी बघत राहिले. मी विचारलं काय करताय. म्हणाले, "काही नाही, असंच." त्यांचं कशातच मन लागत नाहीसं दिसतं.

२५ मार्च

सांगितलं. जेवणं झाल्यावर, ते सुपारीएवढा गुळाचा खडा तोंडात टाकतात त्या वेळी. सगळं सांगितलं, कुठे घातलं, का घातलं, आणि आता का उघडं करायला लागणार. बोलता बोलता मला रडू आलं, हे लिहायची लाज वाटते पण आलं.

आबांनी गूळ गालात सरकवला. "म्हणजे कोणीही बघणार?"

"हो."

"दूरदूरचे?"

"हो आबा."

"नाव लिहिणार का माझं?"

मी म्हटलं, फायलीत वरती कासवाची परवान्याची सूचना जशीच्या तशी ठेवायची असते, पण शेजारी आपली टीप घालता येते. आबा उठले, आरशासमोर उभे राहून केस सारखे केले. मग तिथूनच म्हणाले, "नाव नको. 'मास्तर' लिही. गल्लीत कोण मला नावाने ओळखतं?"

मनाला लावून घेतलंय, पण दाखवत नाहीत. मोठं मन आहे त्यांचं.

२६ मार्च

जुनी फाइल उघडी केली. टीप लिहिली: 'बाही उभ्या धाग्यापासून दोन बोटांपर्यंत कलवता येते. पाठ कलवायची नाही. चौकड्याच्या कापडात काहीच कलवायचं नाही. युक्ती मास्तरांची.' तिन्ही दुकानांना कळवलं. फ्रॉकवाली म्हणाली, "बरं बरं," आणि आबांची तब्येत विचारली.

दुपारभर आबा दर थोड्या वेळाने विचारत होते, "बघितलं का कोणी?"

४ एप्रिल

वाईट बातमी. व्यवस्थापकांनी त्यांच्या कापडावर 'बेतणी' आणि त्यांचं जुनं यंत्र शेजारी-शेजारी चालवून बघितलं. आमचं कापड वाचतं, पण फार नाही. "एवढ्यासाठी सगळ्या शाखा बदलायच्या म्हणजे..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. महिनाअखेर कळवतो म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत फार वेळा लोकांना ऐकवलंय, त्याचा अर्थ मला माहीत आहे.

घरी सांगितलं. दादानेसुद्धा औषधवाल्याचं नाव काढलं नाही. त्याने काढलं असतं तर जरा भांडता आलं असतं.

१७ एप्रिल

कासवाचं पत्र आलं. म्हणजे पत्र कासवाचं, पण आत मजकूर दुसऱ्याचाच. दूरच्या कुठल्यातरी गावात एक बाई तंबूंचं आणि शिडांचं कापड बेतते. तीही 'मांडणी' वापरते. आमची उघडी फाइल तिच्या हाती लागली, तिने ती सुधारली आणि अटीप्रमाणे सुधारलेली परत उघडी ठेवली. कासवाने ती 'मांडणी'त घ्यायची ठरवलीय, म्हणून आम्हाला कळवलं. बाईंचं पत्र यंत्राने भाषांतर केलेलं होतं, मी जमेल तसं सरळ करून लिहिते:

'तुमची टीप बरोबर आहे, पण टीप आणि आकडा जुळत नाहीत. टीप म्हणते दोन बोटं. आकडा मात्र फार लहान आहे. मी ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली बेतायला शिकले (तो आता नाही) त्याची दोन बोटं याच्या जवळजवळ दुप्पट होती. मी त्याच्या बोटांचा आकडा टाकून बघितला. आता कॉलर बगलेत आत शिरते. तुम्हीही बघा.'

मी ते वाचलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. आबांचा हात पेपरवर पसरलेला होता. कात्री धरून धरून बोटं फावड्यासारखी झालेली.

"आबा, जरा हात द्या."

पट्टी लावली. शिडांच्या बाईंचा आकडा आणि आबांची बोटं यांत केसाएवढा फरक.

वहिनीने माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. तिथून बराच वेळ भांडी पडल्यासारखा आवाज येत होता. आबा म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, कतरण जास्त पडतेय. पण आमचं कोण ऐकतं?"

१८ एप्रिल

नवी फाइल घेऊन त्याच गणवेशाचा बेत पुन्हा टाकला. कॉलर अशी आत शिरली की वहिनीने टाळ्या वाजवल्या. निकाल वकीलबाईंना पाठवला, सोबत कुठली फाइल कोणाची आणि कुठली कुठल्या अटीवर, सगळं नीट मांडून. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. 'हे साहेबांपुढे ठेवते. आणि सर्दी बरी झाली.'

पण आबांचं वेगळंच सुरू झालंय. काल खुशीत होते, आज सकाळपासून तणतण. "त्या बाईच्या म्हाताऱ्याला माझी युक्ती कशी माहीत? चोरली!"

"आबा, तो कधीचा गेला म्हणते ती. आणि इतक्या लांब..."

"तिला विचार, चौकड्याच्या कापडाला काय करायचं म्हणायचा तो?"

"आपल्या टीपेत आहेच ते, ती तेच सांगेल."

आबा थांबले. डोळे बारीक केले. "मग हे विचार. चौकड्यात कलवायचं नाही, पण एक तुकडा चालतो. कुठला? हे मी तुला सांगितलेलं नाही."

खरंच सांगितलेलं नव्हतं. विचारलं.

२४ एप्रिल

उत्तर आलं. 'कॉलरच्या आतली पट्टी. ती दिसत नाही म्हणून. म्हातारा हे सांगताना नेहमी डोळा मारायचा.'

मी मोठ्याने वाचलं. मला वाटलं आबा पुन्हा भडकणार. पण नाही. पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मग म्हणाले, "तो पण मारायचा."

"कोण?"

"होता एक. मी लग्नाआधी कोटाच्या कारखान्यात होतो तेव्हा कामाला आला होता. परका माणूस, त्याची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्याला. माझा हात धरून त्याने बाही कलवली. असा." आबांनी माझा हात धरून टेबलावर कलवला. "जाताना मोडकंतोडकं बोलला. कोट तुझे. पण हे कोणी विचारलं तर पाठ फिरवायची नाही."

"पण आबा, तुम्ही तर म्हणायचात तुम्हाला सुचली..."

"गिऱ्हाइकाला काय सांगणार, परक्याने शिकवली म्हणून? कोट घ्यायचा का त्याने माझ्याकडून?" ते जरा चिडले. मग नीट बसत म्हणाले, "विचारायला आलेल्याला मात्र कधी नाही म्हटलं नाही. एकालाही नाही."

वहिनी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "म्हणजे पडदेवाले, फ्रॉकवाल्या काकू..."

"मग काय हवा बघायला येतात?"

२९ एप्रिल

सही झाली! व्यवस्थापकांनी सगळ्या शाखांसाठी घेतली 'बेतणी'. वकीलबाईंनी जाताना माझा हात हातात घेतला, आणि म्हणाल्या की आमच्या कागदांइतके स्वच्छ कागद त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. मी फक्त हसले. वहिनीने या वेळी पायावर पाय दिला नाही.

दादा संध्याकाळी घरी आला, बूट न काढता पुढच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "खोली तुमचीच. मी औषधवाल्याला नाही म्हणून सांगून आलो." आबा पेपरमधून वर न बघता म्हणाले, "बरं झालं. पाय सुटे केले असते तर आडवं करून गेलं असतं टेबल बाहेर, मी माप घेतलं होतं. पण पुन्हा जोडलं तरी डुगडुगलं असतं." दादा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. कोणी सांगितलं त्यांना?

मी आत गेले, कपाटाचं कुलूप काढलं आणि ती कापडी पिशवी बाहेर आणली. पेपरच्या बाह्या, कॉलरी, पाठी, सगळं होतं तसं होतं. आबांच्या समोर टेबलावर ठेवली.

आबांनी चष्मा नाकावर खाली घेऊन पिशवीत डोकावून बघितलं.

"आणलीस का?" ते म्हणाले. "बरं झालं. पडदेवाला कधीचा मागतोय."